डब्यासकट अकोल्याला

अनय आणि ईरा,

तुम्ही दोघं एखादी गोष्ट पाहता आणि ती पुरती पाहून व्हायच्या आत कुणाला तरी पाठवूनही टाकता. म्हणून मागच्या रविवारी फोनवर मी सहज म्हणाले की आमच्या दुकानातल्या डब्यात भरलेला कार्यक्रम त्या डब्याच्या बाहेर निघत नसे, तेव्हा तुम्हाला ते खरंच वाटेना. अनयने विचारलं, "मग भरून ठेवायचा कशाला?" बाळा, हा प्रश्न मला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कित्येक गिऱ्हाइकांनी विचारला आहे, आणि तुझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात. या अंकाच्या संपादकबाईंनाही माझ्या कामाविषयी लेख हवाच होता. तेव्हा तुझं उत्तर इथेच देते. तुम्ही मराठी अक्षरं सावकाश वाचता, मीही सावकाश लिहिते.

अमरावतीच्या राजापेठेत आमचं दुकान होतं. तुमच्या आजोबांनी ते टीव्ही दुरुस्तीसाठी काढलं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं, घरी शिकवण्या घेत असे. मग छत्रीवरून टीव्ही दिसायचे दिवस आले. घराच्या गच्चीवर जी वाटोळी थाळी बसवतात तिला आमच्याकडे सगळे छत्रीच म्हणतात. छत्रीबरोबर कंपन्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली, करार आले आणि फोनवर फक्त इंग्रजीत बोलणारी मुलंमुली आली. आजोबांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हे तुझं खातं," म्हणाले. मी आठवडाभरासाठी म्हणून गल्ल्यामागे बसले, ती केस पांढरे होईपर्यंत बसले.

आता धंदा समजावते. गच्चीवर छत्री, तिच्यातून एक वायर टीव्हीजवळच्या डब्यात. डब्याला पुढून एक फट, तिच्यात पातळ कार्ड. कार्डावर तुमचं खातं. महिन्याचा रिचार्ज केला की आकाशातून कार्डाला परवानगी मिळते आणि चित्र उमटतं. काही वर्षांनी कंपनीने आणखी मोठा डबा काढला. त्याच्या पोटात एक डिस्क होती. तुम्ही घरी नसलात तरी डबा तुमचा कार्यक्रम भरून ठेवायचा. लोकांना फार नवल वाटलं. शेतावरून रात्री आठला येणारा माणूस साडेसातची मालिका पाहू लागला. बायका म्हणायच्या, आता स्वयंपाकाच्या वेळी कुणाची वाट पाहायला नको.

पण डब्यात भरलेलं सगळं कुलूपबंद असायचं. ज्या डब्यात भरलं तोच डबा, भरताना होतं तेच कार्ड, आणि आकाशातून आलेली चालू परवानगी, ही तिन्ही एकत्र आली तरच कुलूप उघडायचं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावा, काही दिसणार नाही. दुसऱ्या यंत्रात उतरवून घ्यायला जा, पडदा काळा होईल. सिनेमे बनवणाऱ्यांना भीती होती की लोक नकला काढून बाजारात विकतील, आणि ती भीती खोटी नव्हती. पैसे भरून पाहायच्या नव्या सिनेमांवर तर त्याहून कडक पहारा होता. ते ठरलेल्या मुदतीनंतर डब्यातून आपोआप पुसले जात.

मोर्शीकडचे एक संत्रा बागाईतदार, वानखडे भाऊ, यांनी असाच एक सिनेमा व्याही येणार म्हणून भरून ठेवला. व्याही यायला उशीर झाला. ते आले, जेवले, टीव्हीसमोर बसले, आणि सिनेमा जागेवर नाही. दुसऱ्या दिवशी वानखडे भाऊ डबा दुपट्ट्यात बांधून दुकानात हजर.

"मॅडम, दारं बंद होते, कुत्रं सोडेल होतं. मंग डब्यातून पिच्चर कोन नेलं?"

मी मुदतीची गोष्ट सांगितली. त्यांनी दुपट्ट्याची गाठ पुन्हा बांधायला घेतली. मग म्हणाले, "म्हंजे हा संत्र्याचा आंबिया बहार हाये. येळेवर तोडला नाई तं गळनार." त्यानंतर मी सगळ्यांना हेच उदाहरण दिलं. कंपनीच्या पुस्तकातल्या चार पानांपेक्षा ते लवकर कळायचं.

अकोल्याचे एक निवृत्त वकील मात्र ऐकेनात. पोस्टाने आलेलं पत्र मी कपाटात ठेवलं तर ते दुसऱ्याला दाखवायला पोस्टाची परवानगी लागते का, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांच्या हातात कराराची प्रत ठेवली. त्यांनी ती घरी नेली, संपूर्ण वाचली, आणि फोन करून म्हणाले की कायद्याने तुम्ही बरोबर आहात, न्यायाने मी. मला दोन्ही पटलं. पण करारावर सही माझी होती, आणि मी सही केलेली गोष्ट पाळणारी बाई आहे हे तुमच्या आईला विचारा.

आता या धंद्यातला एक हंगाम सांगते, कारण पुढची गोष्ट त्यातूनच उगवली. अमरावतीत घराघरात दहावी-बारावीची परीक्षा येते ती आजारपणासारखी येते. जानेवारी संपत आली की बायका दुकानात येऊन सांगायच्या, मॅडम, आमचं बंद करा, पोट्टा बारावीले हाये. रिचार्ज थांबवणं पुरेसं नाही असं ज्यांना वाटायचं त्या कार्डच काढून घ्यायच्या. पोरं हुशार, गुपचूप रिचार्ज करतील. म्हणून कार्ड कुठे देवघरात, कुठे लोणच्याच्या बरणीमागे, कुठे मुलाच्या मामाच्या घरी. परीक्षा झाल्यावर निम्म्या घरांत ते सापडायचं नाही आणि आम्ही नवीन द्यायचो. साध्या डब्याला नवीन कार्ड चालतं. पण भरून ठेवणाऱ्या डब्यात नवीन कार्ड घातलं की जुनं सगळं भरलेलं कायमचं मुकं होतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला डबा देतानाच सांगायचे. ऐकायचं कोण?

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गजाननराव आले. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारे, रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. शांत माणूस. त्या दिवशी मात्र त्यांनी डबा गल्ल्यावर ठेवला आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

त्यांची मुलगी प्रणाली खो-खो खेळायची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. त्या जानेवारीच्या शेवटी विद्यापीठांच्या स्पर्धेत तिचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता आणि तो सामना एका खेळांच्या वाहिनीवर दाखवला गेला. गजाननरावांनी तो डब्यात भरून ठेवला होता. आता राज्याच्या सराव शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या, निवड रविवारी अकोल्याला, आणि प्रणालीचा पाय प्लास्टरमध्ये. घोटा मुरगळला होता. महिन्याभरात ती पळू लागेल असं डॉक्टर म्हणत होते आणि शिबिरही महिन्याभरानेच होतं. पण रविवारी मैदानावर उतरता येणार नव्हतं.

निवड समितीचे प्रमुख देशमुख सर म्हणून होते. गजाननरावांनी त्यांना फोन केला. सर म्हणाले की जखमी खेळाडूसाठी एक जागा राखता येते, पण समितीने तिचा खेळ डोळ्यांनी पाहिलेला हवा. प्रत्येक तालुक्यातून कुणीतरी येऊन सांगतं की आमची पोरगी भारी आहे. सांगण्यावर आम्ही घेत नाही. गजाननरावांनी वाहिनीला विचारलं, तिथे जुने सामने ठेवत नव्हते. प्रेक्षकांतून कुणी फोनवर टिपलेला तुकडा मिळाला, त्यात समोर बसलेल्या माणसाचं डोकं तेवढं स्पष्ट दिसत होतं. अख्खा सामना जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या गल्ल्यावरच्या त्या डब्यात.

"याची सीडी काढून द्या मॅडम," गजाननराव म्हणाले.

मी नाही म्हटलं, आणि का ते समजावलं. त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले की बाजारात एक चिनी डबी मिळते म्हणतात, ती मधे लावली की कुलूप फसतं. मला ती डबी माहीत होती. आमच्याच रस्त्यावर दोन दुकानं सोडून मिळत होती. मी ती आणवली असती तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं. मी आणवली नाही. कारण एक, माझी सही. दुसरं, समितीने ही नक्कल कुठून आणली असं विचारलं असतं तर त्या मुलीने काय सांगायचं? मला माझा निर्णय त्या दिवशी बरोबर वाटला. पुढे एका उन्हाळ्यात तो डबा कायमचा बंद पडला आणि सामना त्याच्याबरोबर गेला. आज तो तुम्हाला दाखवता आला असता, तेव्हा कधीकधी वाटतं, वकीलसाहेबांचं थोडं ऐकायला हवं होतं.

पण त्या क्षणी मला दुसरंच सुचलं. नियम म्हणत होता, नक्कल करू नका. डबा हलवू नका असं कुठे म्हणत होता? मी गजाननरावांना म्हटलं, नक्कल नाही, आपण अस्सलच नेऊ. डबा, कार्ड, छत्री, टीव्ही, सगळं अकोल्याला नेऊ आणि समितीपुढे मांडू.

ते पहिल्यांदा हसले. मग मी डब्याची फट पाहिली. कार्ड नव्हतं.

घरात धाकटा मुलगा होता, सोहम. त्याची बारावी झाली होती, पण प्रवेश परीक्षा अजून व्हायची होती, त्यामुळे टीव्ही फेब्रुवारीपासून बंद. कार्ड त्याच्या आईने, संगीताताईंनी काढून ठेवलं होतं. कुठे, ते गजाननरावांनाही ठाऊक नव्हतं. मी आजोबांना दुकानात बसवलं आणि गजाननरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून बडनेऱ्याला गेले.

संगीताताईंनी आधी मला पाणी दिलं, मग स्पष्ट सांगितलं. "मॅडम, पोरीचं नाव यावं असं मलेबी वाटते. पन रिचार्ज मारला अन् पोट्टं टीव्हीसमोर बसलं, तं त्याच्या वर्षाचं काय करू?"

मी म्हटलं, डबा माझ्या दुकानात राहील, रविवारी थेट अकोल्याला जाईल. त्यांनी विचार केला आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. "मंग हाबी घेऊन जा. म्हंजे कोनाचं मन चळनार नाई." अशा रीतीने टीव्हीचा प्रश्न सुटला. त्या माऊलीने मागे एक रिकामं टेबल तेवढं ठेवलं.

"अन् कार्ड?" गजाननरावांनी विचारलं.

"गव्हाच्या डब्यात. पोट्टं समदं घर हुडकन, गव्हात हात नाई घालनार."

त्या आत गेल्या आणि हात हलवत बाहेर आल्या. गव्हाचा डबा जागेवर नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पीठ संपत आलं म्हणून डबा सकाळीच गिरणीवर पाठवला.

पुढचा प्रकार मला आजही दिसतो. आम्ही तिघंही पायीच निघालो, कारण गिरणी मागच्याच गल्लीत होती. संगीताताई सगळ्यांत पुढे. मे महिन्याचं ऊन, पदर डोक्यावर, आणि ती बाई धावत होती. मला धावायची सवय नाही, पण धावले. गिरणीत पट्टा फडफडत होता, पिठाचा धूर, गिरणीवाला पांढराशुभ्र. आमचा डबा रांगेत दिसेना. संगीताताईंनी वर पाहिलं, आणि त्यांचा रिकामा डबा गिरणीवाल्याच्या हातात दिसला. गहू नुकताच वरच्या पेटीत ओतला होता.

त्या ओरडल्या नाहीत. सरळ भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. पट्टा मंदावत मंदावत थांबला. मग स्टुलावर चढून त्यांनी कोपरापर्यंत हात गव्हात घातला. आम्ही खाली उभे, गिरणीवाला तोंड उघडं टाकून उभा. हात बाहेर आला तेव्हा त्यात कार्ड होतं. एका कोपऱ्याला खरचटलेलं, पण सोनेरी चकती शाबूत.

गिरणीवाल्याने कार्ड पाहिलं, मग संगीताताईंना पाहिलं. "काकू, पुढच्या खेपेले आधार कार्डबी टाका. बारीक दळून देतो."

आम्ही तिघं तिथेच हसत सुटलो, आणि मला वाटतं, अकोल्याला जायचं खरं तिथेच ठरलं.

दुकानात आल्यावर रिचार्ज केला, छत्रीची वायर जोडली. यादीत सामन्याचं नाव दिसलं. बटण दाबलं, मैदान उमटलं, आम्ही लगेच बंद केलं. मग मी मुद्दाम छत्रीची वायर काढून पाहिली. पडदा काळा, सिग्नल नाही अशी सूचना. म्हणजे छत्री न्यावी लागणारच होती. मी कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीला माझ्या सर्वांत शुद्ध इंग्रजीत विचारलं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या गावी डबा लावायचा असेल तर चालेल का. ती म्हणाली, जरूर, फक्त छत्री माहितगार माणसाकडून बसवून घ्या. मी तिचे आभार मानले आणि पुढचं काही विचारलं नाही.

माहितगार माणूस म्हणजे बाबूभाई. छत्रीचा धंदा सुरू झाला तेव्हापासून आमच्या छत्र्या तेच बसवायचे. रविवारी सकाळी त्यांनी ओळखीचा छोटा टेम्पो आणला. मागे छत्री दोरीने आवळलेली, तिच्या पायाशी वजनाला सिमेंटची पाटी, टीव्ही गोधडीत गुंडाळलेला, त्याला धरून बाबूभाई आणि गजाननराव. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर डबा, आणि माझ्या बाजूला प्रणाली, प्लास्टरचा पाय पुढे ताठ केलेला. तोपर्यंत मी तिच्याशी नीट बोललेही नव्हते. काळीसावळी, लहानखुरी मुलगी. मूर्तिजापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मूर्तिजापूरला एका माणसाने टेम्पोत डोकावून विचारलं की लग्नाचं सामान आहे का, तेव्हा तिने उत्तर दिलं, "हो, फक्त नवरी लंगडी हाये." मग मला बरं वाटलं.

निवड एका शाळेत होती. मैदानावर मुली सकाळी लवकरच पळून झाल्या होत्या, कारण दहानंतर अकोल्याच्या मैदानावर उभंही राहवत नाही. समिती सभागृहात यादी करत बसली होती. देशमुख सर म्हणजे उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी चष्मा लावलेले दुसरे एक सर आणि एक खेळाडू बाई. आम्ही छत्री घेऊन आत आलो तेव्हा तिघांनी एकदम मान वर केली.

"हे काय हाये?" चष्मेवाले सर म्हणाले.

गजाननराव म्हणाले, "सामना आनला साहेब."

देशमुख सरांनी घड्याळ पाहिलं आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. नंतर यादीवर सह्या होणार होत्या.

बाबूभाई छत्री घेऊन गच्चीवर गेले. गच्ची तव्यासारखी तापलेली. ते वरून विचारायचे, आलं का? मी खालून पाहायचे, नाही. थोडं पाण्याच्या टाकीकडे फिरवा. आलं का? नाही. थोडं मागे. पडद्यावरची सिग्नलची पट्टी एकदा थरथरली, गेली, पुन्हा आली आणि टिकली. मी जोरात "बस" म्हटलं, तेव्हा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने शिकवणीच्या वर्गातही बोलले नव्हते.

शाळेत एक प्रोजेक्टर होता. चष्मेवाल्या सरांचा आग्रह, की मोठ्या पडद्यावरच पाहू. मी नको म्हणत होते, पण त्यांनी जोडलाच. पडदा काळा झाला आणि इंग्रजीत सूचना आली की या साधनावर हे दाखवायला परवानगी नाही. डबा ज्या पडद्याला ओळखत नाही त्याला चित्र देत नाही, नक्कल करणारं यंत्र समजतो. सर मला म्हणाले, "तुमच्या डब्याले आमच्यावर शक हाये का बाई?" मी म्हटलं, सर, त्याला सगळ्यांवरच शक आहे. संगीताताईंचा टीव्ही गोधडीतून बाहेर काढला, जोडला, आणि चित्र आलं.

सगळे खुर्च्या ओढून बसले. सामना सुरू झाला. मला खो-खोतलं फारसं कळत नसे, त्या दिवशी पुष्कळ कळलं. पहिल्या डावात प्रणाली दोनदा मैदानात आली. ती धावताना वेगळीच दिसत होती. माझ्या बाजूला मूर्तिजापूरपर्यंत गप्प बसलेली मुलगी तिथे नव्हतीच. देशमुख सरांनी पेन खाली ठेवलं होतं. शेवटच्या पाळीत चुरस लागली. प्रणालीच्या संघाची एक-एक पळती बाद होत गेली, आणि समोरच्या संघाला आणखी एक बाद केली की सामना मिळणार होता. मैदानात प्रणाली. आक्रमणाला आलेल्या मुलीने खांबावर हात टाकला, अंग पुढे झुकवलं, आणि प्रणाली तिच्यापासून हातभर अंतरावर.

तिथे चित्र थांबलं.

मी बटण दाबलं. काही नाही. डब्याला हात लावला, तर चटका बसला. त्या उकाड्यात डिस्क तापून डब्याने स्वतःला आवरलं होतं. गजाननराव उभे राहिले आणि पुन्हा बसले. मुख्याध्यापकांच्या खोलीतला कूलर ढकलत आणला, त्याच्यापुढे डबा ठेवला. आता वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. वायर काढून पुन्हा जोडायचा धीर मला होईना. हे एवढं चित्रही गेलं तर काय करायचं?

चष्मेवाले सर यादी जवळ ओढू लागले. देशमुख सरांनी त्यावर हात ठेवला. ते पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे पाहत होते.

"प्रणाली," ते म्हणाले, "इथून तू कुठं गेली?"

तिने उभं राहायचा प्रयत्न केला. त्यांनी बसायला सांगितलं.

"आत गेली सर. तिच्याच जवळून."

"आत? समोरची सूर मारून राहिली, अन् तू तिच्याजवळ गेली?"

"तिनं हात खांबावर टाकला सर. म्हंजे ती लांब झेप घेनार. मी लांब पळाली असती तं सापडली असती. म्हनून पाय बाहेर दाखवला, अन् तिच्या खांद्याखालून आत शिरली. ती माह्या मागं पडली. मग तिले वळता येत नव्हतं."

खेळाडू बाईंनी मान डोलावली. चष्मेवाले सर मात्र म्हणाले, "आता सांगनं सोपं हाये पोरी. घरी शंभरदा पाह्यलं असशील."

प्रणालीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मी एकदाबी नाई पाह्यलं सर. सामना दाखवला तवा आमी गाडीत होतो. घरी आली तं टीव्ही बंद. भावाची परीक्षा हाये."

मी गजाननरावांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. ते काहीतरी सांगणार होते, पण तेवढ्यात डब्यावरचा हिरवा दिवा लागला.

मी बटण दाबलं. चित्र हललं. समोरची मुलगी झेपावली. प्रणालीचा पाय बाहेर गेला, अंग आत वळलं, आणि ती त्या मुलीच्या खांद्याखालून अशी निसटली की झेप घेणारीचा हात रिकाम्या मातीवर आपटला. शिट्टी वाजेपर्यंत ती मग कुणालाच सापडली नाही. टीव्हीतले प्रेक्षक ओरडत होते. सभागृहात खेळाडू बाई टाळ्या वाजवत होत्या, बाबूभाई गच्चीवरून खाली येऊन दारात उभे राहून वाजवत होते, मी वाजवत होते. चष्मेवाल्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मांगं घ्या. पुन्हा दाखवा." आम्ही पुन्हा दाखवलं.

मग समिती शेजारच्या खोलीत गेली. दार लागलं. गजाननराव खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभे राहिले. प्रणाली मला म्हणाली, "काकू, पयल्यापासून लावता का?" मी लावलं. ती पुढच्या खुर्चीवर बसली, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, हनुवटी तळहातात घेऊन. स्वतःला मैदानात येताना पाहिलं तेव्हा ती थोडी मागे सरकली, जसं कुणी अनोळखी माणूस एकदम जवळ आल्यावर सरकतो.

दार उघडलं. देशमुख सरांच्या हातात यादी होती. गजाननराव वळले, मी उभी राहिले, बाबूभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढला. प्रणालीला काही ऐकू गेलं नव्हतं. गजाननराव तिला हाक मारायला पुढे झाले, तर सरांनी हात वर केला.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "तिचं होऊ द्या."

आणि तो उंच, मिशीवाला माणूस यादी गुंडाळून मागच्या खुर्चीवर बसला. गजाननरावांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, सरांनी फक्त पापण्या मिटून उघडल्या. टीव्हीत शिट्टी वाजली, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि प्रणालीने मागे वळून पाहिलं.

"नाव घातलं तुझं," सर म्हणाले. "पाय बरा कर."

ती हो म्हणाली. वडिलांकडे पाहून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, थे खांबावरचं अजून एकदा लावा."

मी मागे घेत असताना देशमुख सरांनी आपली खुर्ची टीव्हीकडे आणखी थोडी ओढली.